माणिकराव सरांनी न दिलेली शाबासकी

बोरीच्या शाळेत माणिकराव सरांनी आम्हा मुलींना खो-खो शिकवला, पण चुकूनही कधी ‘शाब्बास’ म्हटलं नाही. सामना जिंकून आलो तरी, "पाय जड पडायलेत, कमी खात जा," एवढंच. असा राग यायचा! पण आज त्या मैदानाची तापलेली माती आठवली की जीव गलबलतो. सरांची मुलगी राजेश्री आमच्यात सगळ्यांत चपळ. खांबापाशी ती अशी गिरकी घ्यायची की बघणारे उठून उभे राहायचे. सर नेमके तेव्हा दुसरीकडे बघत असायचे.

मी आता परभणीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दिवाळीत सरांकडे गेले आणि इतक्या वर्षांनी विचारलंच.

"तारीफ केली की पोरगी दुसऱ्या दिवशी घसरतीच," सर म्हणाले. "अन् रागावलं की सुधारती. उमर गेली माझी हे बघण्यात."

"सर, तुमी बघितलं ते खरं हाय. आमच्या संख्याशास्त्रातली काय-स्क्वेअरची चाचणी लावली तरी दोन्हींत संबंध निघंल. पण संबंध म्हंजी कारण न्हाई. कावळा बसला अन् फांदी मोडली, म्हणून ती कावळ्यानंच मोडली का?"

मला तर चेवच चढला.

"पोरगी एखाद्या दिवशी लय भारी पळती, त्यात मेहनत असती तसं नशीबबी असतं. दुसऱ्या दिवशी मेहनत हजर राहती, नशीब दांडी मारतं. मग ती आपल्या सरासरीवर येती. वाईट दिवसानंतर तशीच वर येती. ह्यालाच आमी सरासरीकडं परतणं म्हणतो, रिग्रेशन. तुमी तोंड शिवून बसला असता तरी हेच झालं असतं."

"मग तारीफ केली असती तर..."

"काय बी बिघडलं नसतं, सर."

मुद्दा पटला म्हणून मी खूश झाले, आणि मग त्यांचा चेहरा पाहिला. नको ते बोलून बसले असं वाटलं. त्यांनी मोबाईल काढून पुण्याला राजेश्रीला लावला. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर.

"राजे, शाळेत तू लय भारी पळायचीस. तुझ्यासारखी पोरगी मी पुन्हा बघितली न्हाई."

पलीकडून ती घाबरून म्हणाली, "अण्णा, काय झालं? तब्येत बरी हाय ना तुमची? आईला फोन द्या बरं."