मास्तरांच्या कमरेचे चार इंच

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कमरा मोजणाऱ्या शिंपी मास्तरांनी एकदा स्वतःच्या कमरेला टेप लावला, आणि तिथेच त्यांची फसगत झाली.

शाळेचे गणवेश शिवायच्या घाईत मधुमेहाची गोळी एक दिवस राहिली, मग आठवडाभर राहिली. काही बिघडलं नाही. उलट पँट सैल व्हायला लागली. मास्तरांनी कंबरपट्टी उसवून इंचभर आत घेतली, दोन महिन्यांनी पुन्हा घेतली. आठ महिन्यांत चाळिसाची कंबर छत्तिसावर आली, तेव्हा आरशासमोर वळून-वळून त्यांनी बायकोला दाखवलं.

"बघ. साखर उतरल्याशिवाय का कंबर उतरते? टेप खोटं बोलत नाही."

"गोळ्या वेळेवर घेता ना पण?"

"दुकानात घेतो की."

टेप खरं बोलत होता, मास्तर नव्हते. गोळ्यांची पाकिटं बटणांच्या खणात तशीच पडून होती.

दुकानात बसल्या बसल्या घसा सुकायचा. पाण्याची बाटली दुपारपर्यंत तीनदा रिकामी व्हायची. मास्तर म्हणायचे, इस्त्रीची धग आहे. सुईत दोरा जाईना, तर म्हणायचे, हल्ली दोऱ्याला पीळच नसतो. दिवा दोनदा बदलून झाला. नाचता येईना, अंगण वाकडं!

मग एके सकाळी नेहमीचे वकीलसाहेब आले आणि त्यांनी नवा कोट टेबलावर पसरला.

"मास्तर, हा कोट कुठल्या रंगाचा?"

"काळा. तुम्हीच तर कापड आणलं."

"मग ही बाही दारापाशी नेऊन बघा जरा."

मास्तरांनी बाही उजेडात धरली. दिसेना. डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, तेव्हा कळलं. खांद्यापासून कोपरापर्यंत काळा दोरा, आणि पुढे मनगटापर्यंत निळा.

"साक्षीदार उलटतात, तशी बाही उलटली हो तुमची," वकील हसत म्हणाले. मास्तरांना हसू आलं नाही. वाचायला-लिहायला जेमतेम शिकलेला माणूस. हातात होती ती एवढी एकच विद्या, आणि ती सगळी डोळ्यांच्या जिवावर.

भर दुपारी शटर ओढून ते घरी आले, तशी बायको दचकली. मास्तरांनी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

"माझ्याशी खोटं बोललात, ते एक वेळ सोडा," ती म्हणाली. "पण रोज सकाळी देवापुढे हात जोडून आरोग्य मागत होतात ना? तो देत होता आणि तुम्ही खणात टाकत होतात! उठा, चला."

दवाखान्यात साखर निघाली तीनशे बारा, तीही दुसऱ्या सकाळी उपाशीपोटी.

"बारीक झालो म्हणून खूश होतो मी," मास्तर पुटपुटले.

"कापड आटलं तर धुलाईत काय चुकलं ते बघता ना तुम्ही?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीराला साखर वापरता येत नव्हती, म्हणून ते स्वतःचंच मांस आणि चरबी जाळत होतं. हे चार इंच काही कमाईचे नाहीत, मास्तर."

त्यांनी औषध नव्याने बांधून दिलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे डोळ्यांत थेंब घातले, आतला पडदा तपासला. मास्तर मनातल्या मनात देवाचं नाव घेत खुर्चीचे हात घट्ट धरून बसले.

"एक-दोन बारीक ठिपके आहेत. आत्ता काही करायला नको. पण साखर आवरली नाहीत, तर मी शब्द देणार नाही. आणि इतक्यात चष्मा बदलू नका. साखर हलते तसा नंबरही हलतो. तीन महिन्यांनी या."

त्या तीन महिन्यांत मास्तरांनी गोळी न्याहरीच्या ताटाशी आणली. चहातली साखर गेली, जेवणानंतर चालणं आलं. साखर मोजायच्या यंत्रासाठी बोटाला टोचायची वेळ आली की मात्र ते तोंड फिरवत.

"जन्मभर सुया टोचून घेतल्या, आणि एवढीशीला भिता?" बायको म्हणे.

"त्या माझ्या सुया होत्या गं!"

मापांच्या वहीत त्यांनी आपलं एक पान घातलं: छाती, कंबर, आणि त्याखाली साखर. दोनशे चाळीस. एकशे शहाऐंशी. एका गिऱ्हाइकाने आणलेल्या मिठाईवर हात मारला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोनशे दहा. तोही आकडा त्यांनी खाडाखोड न करता लिहिला आणि बायकोला दाखवला. मग एकशे अठ्ठेचाळीस. एकशे अठ्ठावीस. काळी पँट शिवायला घ्यायचं धाडस मात्र त्यांनी केलं नाही. मोठ्या टाक्यांची कामं तेवढी घेतली.

तीन महिन्यांनी मास्तर पुन्हा त्या खुर्चीत बसले. या वेळी थेंब न घालता यंत्राने पडद्याचा फोटो काढला. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं मास्तर एकेक लावत खाली आले, आणि शेवटच्या ओळीशी थांबले.

"दिसत नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिसतंय. म्हणून तर थांबलो."

"ठिपके होते तेवढेच आहेत. वाढलेले नाहीत. वर्षातून एकदा दाखवत राहा, आणि शिवणकाम खुशाल करा."

बायकोचा जीव भांड्यात पडला. तिने तिथेच डोळे मिटून हात जोडले. रस्त्यावर येताच मास्तरांना कंठ फुटला. कुलपं दुरुस्त करून मिळतील. जागा भाड्याने देणे आहे. इथे थुंकू नये. दिसेल ती पाटी ते मोठ्याने वाचत सुटले.

"अहो, हळू. लोक बघताहेत."

"बघू देत," मास्तर म्हणाले. "मलाही ते दिसताहेत."