शनिवारी सारवलेला फळा

तुमच्या गावातली सरकारी शाळा कुणी बांधली, सांगता येईल तुम्हाला? मोबाईल खाली ठेवा. तुमच्या आजोबांनी त्या भिंतीसाठी दगड वाहिले होते की नाही, एवढंच सांगा... नाही ना येत? मलाही दोन वर्षांपूर्वी येत नव्हतं. स्वतःवरचा राग काढून झालाय, आता इतरांवर काढते.

भूत, करणी, देवऋषी — यातलं मी काहीही मानत नाही. आमचे बाबा असल्या भोंदूगिरीविरुद्ध पत्रकं छापायचे. त्यांच्या घड्या घालण्यात आणि बाजारात ती वाटण्यात माझं बालपण गेलं. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय. पण तीन माणसांनी भर सकाळी साडेआठला जे पाहिलं, ते गिळून मी गप्प बसणार नाही.

गाव बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्याही पुढं. नाव मुद्दाम देत नाही. शाळा मुंबई राज्याच्या काळातली, मराठी माध्यमाची. दोन खोल्या, चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढं व्हरांडा. जागा एका शेतकऱ्याने तोंडी दिली. घरटी एक माणूस आणि एक बैलगाडी अशी पाळी लावून गावाने चिरे आणले. त्या घरांची नावं कोरलेली फरशी व्हरांड्याच्या भिंतीत होती. मग एकदा कुणी पुढारी भेटीला येणार म्हणून आमच्याच शहाण्यांनी त्या फरशीवर चकचकीत टाइल्स बसवल्या. पुरावा आपल्याच हातांनी गाडला! आता कचेरीत विचारलं तर उत्तर येतं — बांधकामाची नोंद सापडत नाही.

तीन वर्षांपूर्वी मोठी खोली गळायला लागली. दुरुस्तीचे अर्ज गेले, ते गेलेच. खोलीला कुलूप लागलं आणि अकरा मुलं छोट्या खोलीत कोंबली गेली. यंदा ठरलं — इमारत धोकादायक ठरवायची, पाडायची, मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत घालायचं आणि मोकळ्या जागेत लग्नाचा हॉल बांधायचा. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून या कागदावर सही करणार होते माझे सख्खे चुलते, आप्पा. स्वतः याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. नातू मात्र पिवळ्या व्हॅनमधून शहरातल्या इंग्रजी शाळेत जातो.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. इंजिनिअर तपासणीला येणार म्हणून मी रजा टाकली आणि आप्पांना माझ्या स्कूटीवर मागं बसवून नेलं.

"आप्पा, सही करू नका."

"तू आधी लगीन कर, मग कळंल हॉल कशाला पायजे त्यो."

"मी कोर्टात करीन. हॉल लागत न्हाय."

"बापावर गेलीयास बघ. त्यो बी असाच कागदं वाटत फिरायचा."

मोठ्या खोलीची किल्ली एकच, आणि ती शाळेच्या बाईंच्या पर्समध्ये. कुलूप इतकं गंजलेलं की तेल सोडून पाच मिनिटं खटपट करावी लागली. खिडक्यांवर पत्रे ठोकलेले. दार उघडलं तेव्हा जमिनीवर बोटभर धूळ होती आणि तीत एकही पाऊल नव्हतं. मी, बाई आणि इंजिनिअर आत गेलो. "कौल पडंल डोक्यात," म्हणत आप्पा व्हरांड्यातच थांबले.

आधी वास आला. हिरवा, कच्चा, ओला.

आमच्या शाळेत फळा म्हणजे भिंतीवरचाच गुळगुळीत गिलावा. दर शनिवारी शाळा सुटण्याआधी मुलांनी कोळसा आणि तोंडलीचा पाला ठेचून तो हाताने सारवायचा, म्हणजे सोमवारी खडू नीट उठतो. मीही सारवलाय. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखीन.

फळा नुकताच सारवलेला होता. काळाभोर, ओलसर. आणि तोही अर्धाच... चौथीतल्या मुलाचा हात पोचेल तेवढाच. त्याच्या वरचा भाग तीन वर्षांच्या धुळीने करडा.

"एन्री इदु?" — काय हो हे? — इंजिनिअरच्या तोंडून कन्नडच निघालं. त्यांनी बोट लावलं. बोट काळं झालं.

मी बाईंवर घसरले. "मुलांना आत सोडलं होतं ना तुम्ही?"

"किल्ली बघितलीस न्हवं? कुलूप तुझ्याम्होरंच काढलं की गं!"

तरी मी अकराही मुलांना ओळीत उभं केलं आणि हात पुढं करायला लावले. कोळसा नखांत शिरला की चार दिवस निघत नाही. सगळ्यांची नखं स्वच्छ. एक पोरगी म्हणाली, "आक्का, नखं कालच बघितल्यात बाईंनी."

मी परतले तेव्हा इंजिनिअर दारात बूट काढत होते. अनवाणी आत जाऊन उरलेली मापं त्यांनी घेतली. आमच्या गावातल्या एकालाही हे सुचलं नसतं.

आत काय दिसलं ते आप्पांना अजून कुणीच सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी हळूच विचारलं, "ओला हाय काय अजून?"

"काय ओला, आप्पा?"

"...काय न्हाय."

सहीसाठी पेन घ्यायला त्यांनी उजवा हात पुढं केला. तळवा काळा होता.

"आप्पा, हात बघा."

"गाडीचं ग्रीस असंल."

"तुम्ही मागं बसून आलाय!"

त्यांनी तळवा धोतराला पुसला. आणि सही केली.

मी इंजिनिअरना म्हटलं, "जे बघितलं ते लिहा." ते खाली बघत म्हणाले, "कशात लिहू, मॅडम? फॉर्ममध्ये ह्याला कॉलम नाही."

मला फळ्याची भीती वाटली नाही, त्या सहीची वाटली. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणारं हे गाव. देवाच्या झाडाची फांदी तोडायला इथं कुणाचा हात उठत नाही. आणि शाळेनं समोर उभं राहून सांगितलं, तरी एकाचंही पेन थांबलं नाही! कसल्या श्रद्धा आणि कसलं काय?

त्या फळ्याचा उलगडा मला आजही झालेला नाही. ओल वरून आली म्हणावं, तर वरचा भाग कोरडा. कुणी आत शिरलं म्हणावं, तर धूळ तशीच. आप्पा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना तरी काय माहीत आहे, कुणास ठाऊक.

पाडायचं काम अजून सुरू झालेलं नाही. हरकतीचा अर्ज मी लिहून ठेवलाय आणि त्यावर आज माझी एकटीची सही आहे. एका सहीला कचेरीत कुणी विचारत नाही. त्या शाळेत शिकलेलं कुणी हे वाचत असेल — पुण्यात असा, गोव्यात असा — गाव कुठलं ते तुम्हाला कळलंच असेल. या रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात या आणि माझ्या नावाखाली सही करा.