विकलेल्या गाडीचं दावं

आमचे हे संत्र्यांचे व्यापारी. माल घेऊन नागपूरच्या बाजारात जायचे आणि येताना घरात लागणाऱ्या चार वस्तू आणायचे, त्यातल्या निदान दोन तरी चुकीच्या असायच्या. एकदा मी मिक्सरचं भांडं आणायला सांगितलं तर हे गाडी घेऊन आले. भांडं विसरले.

गाडी जर्मन होती. पांढरी, चार दारांची आणि इतकी ठेंगणी, की शेजारच्या काकू आत बसून बघून म्हणाल्या, पाटावर बसल्यासारखं वाटतं. नागपूरच्या एका डॉक्टरांनी बरीच वर्षं वापरलेली. बाहेरून पाहिलं तर साधीच दिसायची, पण ती म्हणे पळण्यासाठीच बनवलेली, सगळी ताकद मागच्या चाकांना. आमच्या पांढुर्ण्यात पळायचं कुठं, असं मी विचारलं. सौंसरपर्यंत पळवू, असं उत्तर मिळालं.

मी तेव्हा सौंसरच्या शाळेत शिकवत होते आणि रोज बसनं जात-येत होते. दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी मला शाळेत सोडायला सुरुवात केली. मास्तरीणबाईचे हाल होतात म्हणून गाडी घेतली, असं बाजारात सगळ्यांना सांगून टाकलं. गावाला ते पटलं. मला काही पटलं नाही. ह्यांना गाडी चालवायची होती आणि त्यासाठी बायकोची शाळा आयतीच सापडली होती. पण एक सांगते, दिवसभर बाजारात ओरडून ओरडून घसा बसवून घेणारा हा माणूस त्या गाडीत बसला की गप्प व्हायचा. रेडिओसुद्धा लावायचा नाही. एकदा मी विचारलं, एवढं काय आहे हिच्यात? तेव्हा म्हणाले, बाकीच्या गाड्या लाड करतात, खड्डा असला तरी कळू देत नाहीत. ही रस्ता जसा आहे तसा हातात देते. मला ते तेव्हा कळलं नाही. रस्ता कशाला हातात हवा?

ह्या गाडीवाल्यांची एक जमात आहे, हे मला पुढं कळलं. अशीच गाडी समोरून आली की दोघंही दिवे लावून रामराम करायचे, ओळख ना पाळख. मग फोनवर त्यांचा गट झाला. गाडीचा एखादा भाग कुठं मिळाला की जणू मुलीचं लग्न ठरल्यासारखी बातमी फिरायची. रविवारी नागपूरहून कुणीतरी यायचं, माझ्या हातची पातोडी खायचं आणि मग अंगणात चक्क लोटांगण घालून गाडीचं पोट बघायचं. मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं आडवी पडून बोलत बसायची. मी पायरीवर बसून त्यांचे नुसते पाय बघायची आणि ते उठले की चहा टाकायची.

संत्र्याची एक पाटीसुद्धा तिच्यात कधी गेली नाही. मात्र पोळा तिला होता. आमच्या घरचे बैल सासऱ्यांच्या मागं गेले. ट्रॅक्टरची पूजा व्हायचीच, पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हे तूप-हळद घ्यायचे, पळसाचं पान घ्यायचे आणि गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवरचा पत्रा शेकायचे. बैलाचे खांदे शेकतात तसे. वर तिला रीतसर सांगायचे, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. पांढऱ्या रंगावर हळद बसली ती बसलीच. नागपूरच्या एका गाडीवाल्यानं तो पिवळा डाग पाहून कपाळावर हात मारला होता. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात, तेव्हा नदीकाठच्या गावात दगडांचा काय नेम, म्हणून हे तिला सकाळीच सौंसरला माझ्या भावाच्या अंगणात नेऊन ठेवायचे. मला सणाला माहेरी पोचवायचं ह्यांना कधी सुचलं नाही, गाडी मात्र दर वर्षी माझ्या माहेरी जायची.

हे सगळं हसण्यासारखं होतं तोवर मी हसले.

मग ह्यांचे डोळे बिघडले. आधी पेपरमधली अक्षरं वाकडी दिसायला लागली. त्यांना वाटलं, पेपरवाल्यांचीच छपाई बिघडली. मग चहाच्या कपाचा कान हाताला सापडेना. नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसत राहील, मधलं दिसणार नाही, आणि गेलेलं परत येणार नाही. गाडी चालवायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. हे मान डोलावत होते. दवाखान्यातून बाहेर आलो, आणि हे सरळ जाऊन चालवायच्या बाजूचं दार उघडून बसले.

मी काय करणार होते? मला गाडी येत नाही. मुलगी हैदराबादला असते, तिनं फोनवर रडून सांगितलं, ओरडून सांगितलं. माझा भाऊ येऊन समजावून गेला. सगळ्यांना एकच उत्तर, की हा रस्ता मला पाठ आहे. मला म्हणायचे, "हातानं दिसते मले." तेव्हा कुठं मला तो रस्ता हातात घेण्याचा अर्थ कळला. किल्ली लपवावी म्हटलं तर ती रात्रीसुद्धा ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी मी एवढंच ठरवलं की जिथं हे जातील तिथं शेजारी बसायचं. निदान डोळे तरी माझे असतील.

बोरगावला एका नातेवाइकांकडं साखरपुडा होता. सौंसर मागं टाकलं, आम्ही गावाजवळ आलो. एका वळणावर डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई रस्ता ओलांडत होती. बरोबर समोर. मी समजत होते, एवढी मोठी बाई, एवढा मोठा भारा, ह्यांना दिसलीच असणार. गाडी हळू झाली नाही. मी किंचाळले तेव्हा ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी बाईच्या लुगड्यापाशी जाऊन थांबली. तिनं आमच्याकडं पाहिलं, भारा सावरला आणि शिवीसुद्धा न देता निघून गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

हे कितीतरी वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसून होते. मग म्हणाले, "मले ते बाई दिसलीच नाई." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "हाताले पण नाई समजलं." साखरपुडा राहिला. भावाला फोन करून बोलावलं आणि त्यानं आम्हाला घरी आणलं. येताना हे पहिल्यांदाच त्या गाडीत मागच्या सीटवर बसले.

त्याच आठवड्यात ह्यांनी आपणहून गाडी द्यायचं ठरवलं. गटावर निरोप गेला आणि नागपूरच्या एका दाताच्या डॉक्टरांनी फोन केला. चाळिशीचा गृहस्थ, टक्कल पडायला लागलेलं, घरी अशीच एक लाल गाडी आधीच होती. व्यवहार दोघांनी चहा निवायच्या आत उरकला. मला एवढाच आनंद झाला होता की आता हा माणूस कुणाला मारणार नाही आणि स्वतःही मरणार नाही. बाकी कशाचा विचारच माझ्या मनात आला नाही.

रविवारी डॉक्टर एका मित्राला घेऊन आले. मी पुरणपोळी केली होती. जनावर दारातून जाताना त्याला घास द्यायचा असतो, म्हणून ह्यांनी गाडीच्या नाकासमोर पानावर पोळी ठेवली. मी कुंकू लावलं, ओवाळलं. नारळ फुटला. दोघांनी ह्यांच्या पाया पडून घेतलं. मग डॉक्टरांनी किल्लीसाठी हात पुढं केला आणि ह्यांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आपल्याइथं जनावर देतेत, दावं नाई देत," हे म्हणाले.

डॉक्टर हसले. त्यांना थट्टा वाटली. मला कळलं की ही थट्टा नाही. आमच्याकडं बैल विकला तरी त्याचं दावं घरातच राहतं, घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. दावं गेलं तर मागून गोठाच जातो, असं सासरे सांगायचे. पण ते बैलाचं. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं की काका, ह्या किल्लीच्या पोटात चिप आहे, दुसऱ्या किल्लीनं गाडी चालू होणार नाही, आणि दुसरी किल्ली तर पहिल्या मालकांकडूनच हरवलेली आहे. ह्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग तुमचं दावं तुम्ही घेऊन या. मी थांबतो."

मी ह्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. म्हटलं, अहो, तो काही बैल नाही. म्हणाले, "मले माहीत आहे. इतका आंधळा नाई झालो मी."

डॉक्टर भला माणूस. चिडला नाही. कंपनीकडून नवीन किल्ली मागवावी लागेल, ती जर्मनीहून येते, काही आठवडे जातील, असं मला बाजूला घेऊन सांगितलं. गाडी उचलून ट्रकवर घालून नेता आली असती, तेही त्याच्या मित्रानं सुचवलं. डॉक्टर म्हणाले, नको, हिला तशी न्यायची नाही. दोघं जेवून रिकाम्या हातानं परत गेले. मी मात्र हादरून गेले. गाडी अंगणात, किल्ली खिशात, म्हणजे सगळं जिथल्या तिथंच राहिलं. उद्या सकाळी हे उठून सौंसरला निघाले तर त्यांना कोण अडवणार?

रात्री जेवताना मी किल्ली मागितली, निदान माझ्याजवळ ठेवते म्हटलं. ह्यांना त्याचा राग आला. "विकलेला बैल कोणी औताले जुंपते का?" असं म्हणून ताटावरून उठले. आणि खरंच, त्यानंतर त्यांनी गाडी एकदाही चालू केली नाही. रोज सकाळी पुसायचे, मग आत जाऊन बसायचे, हात स्टेअरिंगवर. किल्ली खिशातच. मला कधीकधी वाटायचं, दाव्याचं निमित्त काढून ह्यांनी तिला थोडे दिवस ठेवून घेतलं. पण विचारलं नाही. विचारून खरं कळलं असतं तर मी काय करणार होते?

एकदा चहा द्यायला गेले तर म्हणाले, बस. मी शेजारी बसले. समोर आमचीच भिंत, त्यावर वाळत घातलेली माझी साडी. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "तुयं तोंड नाई दिसत आता. कान दिसतेत."

मी म्हटलं, मग कानातलं नवं करून द्या. हे हसले. मला रडू आलं. ह्यांना दिसणार नाही म्हणून मी ते पुसलंही नाही.

अखेर किल्ली आली. डॉक्टर आपलं दावं घेऊन आले, ह्यांच्या हातात एकदा दिलं, ह्यांनी अंगठ्यानं चाचपून परत केलं. गाडी परक्या किल्लीनं लगेच चालू झाली. इतके दिवस उभी होती, थोडं तरी अडायला हवं होतं असं मला वाटलं. डॉक्टरांनी काच खाली करून हात जोडले. हे फाटकापाशी उभे होते आणि त्यांनी तोंड पेरूच्या झाडाकडं वळवलेलं होतं. डॉक्टरांना वाटलं, काकांच्यानं बघवत नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी निरोपाचा हात मला केला. पण ह्यांना जे बघायचं असतं त्याच्याकडं आता सरळ बघता येत नाही. मधलं गेलंय, म्हणून तोंड फिरवून डोळ्याच्या कडेनं बघावं लागतं. हे तिच्याकडंच बघत होते.

गाडी गल्लीच्या टोकाला गेली. तेवढ्यात मालगाडी यायला लागली. आमचं घर रुळांपासून फार लांब नाही, मालगाडी असली की फोनवरचंसुद्धा ऐकू येत नाही. डब्यांमागून डबे जात होते.

"गेली का?" ह्यांनी विचारलं.

गाडी केव्हाच वळणापलीकडं गेली होती. मी म्हटलं, नाही, वळणावर थांबली आहे, समोरून ट्रॅक्टर येतोय.

हे तसेच मान वळवून उभे राहिले. मालगाडी निघून गेली, गल्ली शांत झाली, तरी हलले नाहीत. मी त्यांच्या शेजारी उभी होते, आणि आता पुढं काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं.