तांबड्या मातीची ट्रॉली

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही – नवऱ्यासमोर नाही, सख्ख्या बहिणीसमोरही नाही. गेल्या आठवड्यात घरापुढच्या चार हात जागेत लॉन लावायचं ठरलं, सवयीने मी यादी करायला बसले, आणि तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. ‘माती तपासणे.’

माझ्या याद्यांची शाळेत थट्टा व्हायची. कळंब्याच्या रस्त्यावरच्या मुलींच्या शाळेत मी हेडक्लार्क. खडूच्या खोक्यापासून गॅदरिंगच्या मांडवापर्यंत सगळं यादीवर, आणि काम झालं की पुढे बरोबरची खूण. ती खूण करताना मला किती बरं वाटायचं! त्या खुणेपायीच हे झालं का? नाही – खरं कारण पुढे सांगते.

अठ्ठ्याण्णव साल. शाळेला पंचवीस वर्षं होणार होती आणि समोरच्या काळ्या, भेगाळलेल्या पटांगणावर हिरवळ हवी असं संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात आलं. पुण्याकडून तयार लॉनच्या लाद्या येणार होत्या. त्याआधी जमीन तयार करायची – वीतभर उकरायची, दगड आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचायच्या, शेणखत मिसळायचं, वर तांबड्या मातीचा थर, मग दोरी लावून सपाटी आणि रोलर. हे सगळं केलं हौसाबाईंनी. बदली कामगार, पन्नाशीच्या, राहायला कळंब्यातच. त्या वर्षी त्यांना कायम करायचा कागद तयार होता. मीच टाइप केला होता. लव्हाळ्याची एकेक गाठ त्या अशी काढायच्या, जणू तांदळातले खडे.

सगळं वेळेत चाललं होतं, फक्त तांबडी माती येईना. लाद्यांचा ट्रक निघालेला. तेवढ्यात कळलं, गावातली एक तालीम हौदातली जुनी माती बदलतेय. हौद म्हणजे पैलवानांचा आखाडा. तिथली माती चाळलेली, मऊ, लालभडक. मी ट्रॉली मागवली. तांबडी माती ती तांबडी माती, नाही का?

हौसाबाईंनी मूठभर उचलून वास घेतला.

“म्याडम, ही हौदाची माती हाय. आमचं मालक जल्मभर हीच उकरत हुतं. त्याल, ताक, हळद – समदं मुरलंय हिच्यात. गवत न्हाय धरायचं.”

त्यांनी मातीचा गोळा केला, वर पाण्याचा थेंब सोडला. थेंब जिरला नाही. गोळ्यावरून घरंगळून त्यांच्या मनगटावर आला.

“बगा. पैलवानाच्या पाठीवनं बी आसंच घरंगळतंय की!”

मी हसले. थेंब मला स्पष्ट दिसला होता. पण ट्रक संध्याकाळी पोचणार होता, अध्यक्षांना मी शब्द दिला होता. म्हटलं, “पसरा, हौसाबाई.” आणि यादीवर ‘माती तपासणे’पुढे खूण केली.

समारंभ थाटात झाला. लाद्या आपल्या अंगच्या मातीवर तेवढे दिवस हिरव्या राहिल्या. तीन आठवड्यांनी पिवळे चट्टे पडले. एक लादी उचलून पाहिली, तर ती सतरंजीसारखी अलगद वर आली. मुळं खाली उतरलीच नव्हती.

बैठकीत विचारणा झाली. हौसाबाई दारात उभ्या. मी म्हणाले – शांतपणे, कागद सरळ करत – “पाणी कमी पडलं असावं. मी त्यांना बजावलं होतं.”

“पानी मी रोज घातलंया, साहेब. त्या मातीनं प्यालं न्हाय ते.”

“का हो, माती रुसली होती काय तुमच्यावर?” अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

मग अध्यक्षांनी मला विचारलं, मातीबद्दल आधी कुणी काही बोललं होतं का. मी म्हणाले, नाही.

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. त्या बोलल्या नाहीत. पदर खोचला आणि गेल्या. कायमचा कागद मागे पडला, बाग काढून घेतली, वऱ्हांडे पुसायचं काम दिलं. ती ऑर्डरही मीच टाइप केली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी पटांगणात खोऱ्याचा आवाज यायचा. पुसायचं काम उरकून हौसाबाई ती लाल माती पाटीपाटीने बाहेर काढत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. कळंबा तलावातला गाळ त्यांनी भाच्याच्या बैलगाडीतून आणला, वाळू मिसळली, जगलेल्या लाद्यांचे तुकडे करून वीत-वीत अंतरावर लावले. दिवाळीपर्यंत गवताने जमीन झाकली. अहवालात मी लिहिलं, ‘दुरुस्ती पूर्ण’. कुणी केली, ते लिहिलं नाही.

त्या कायम झाल्या चार वर्षांनी. ती चार वर्षं त्यांच्या सेवेत कुठेच धरली गेली नाहीत.

एकदाच, डबा खाताना, मी धीर करून विचारलं – त्या दिवशी बोलला का नाहीत? खर्डा-भाकरी माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, “गवत जगलं न्हवं? खावा आता.” मी खाल्ली. माझी नोकरी, माझं नाव, ‘म्याडमचं काम म्हणजे चोख’ ही ख्याती – सगळं त्या बाईच्या गप्प राहण्यावर उभं आहे, हे मला कळत होतं. रोज कळतं. माझ्या अंगणातली जास्वंद जगली तीसुद्धा त्यांनी शिकवलेल्या थेंबामुळे; आता मी कुठलीही माती आधी मुठीत धरते. इतकं देणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

ती जुनी यादी मी फाईलमध्ये जपून ठेवली आहे. तिसऱ्या ओळीपुढे बरोबरची खूण आहे, आणि ती खोटी नाही. माती तपासली होती. हौसाबाईंनी. त्यांनी सांगितलंही होतं. मला ऐकू आलं होतं.