उलटा फोटो, सुलटी नावं

"मॅडम, फोल्डिंग चालू करूँ?" रहीमभाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

माझ्या हातात तिसऱ्या फॉर्मचा छापलेला कागद होता आणि त्यातला एक फोटो मला खटकत होता. नेमकं काय खटकतंय ते कळत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका प्रेसमध्ये मी प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर होते. काम आत आल्यापासून खोक्यात भरून बाहेर जाईपर्यंत त्याच्यामागे धावणं, ही माझी नोकरी. रहीमभाई बाइंडिंगचे फोरमन. आमच्याकडे एरवी बँकांच्या डायऱ्या, कॅटलॉग आणि अरबी पाठ्यपुस्तकं असायची. हे काम वेगळं होतं. इंग्लंडमधल्या एका काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या, फुटबॉल असोसिएशनचा इतिहास. लेखक मिस्टर हार्टली दुबईजवळ जबल अलीला इंजिनियर होते. दर सुट्टीत गावी जाऊन त्यांनी जुने क्लब, जुने खेळाडू आणि जुनी भांडणं गोळा केली होती. असोसिएशनच्या वार्षिक डिनरला, येत्या शनिवारी, पुस्तक लोकांच्या हातात पडायचं होतं. त्यासाठी डिनरच्या प्रती गुरुवारी विमानाने निघायला हव्या होत्या. बाकीच्या बोटीने. आज मंगळवार होता.

पुस्तकाची पानं सुटी छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि त्याच्या घड्या घालतात. त्याला फॉर्म म्हणतात. असे सगळे फॉर्म एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. एकदा शिलाई झाली की आतली चूक आतच राहते.

फोटोत दुसऱ्या महायुद्धाआधीची एक टीम होती. मागे खेळाडू उभे, पुढे काही बसलेले, मध्ये कोट घातलेले तीन पदाधिकारी. मी त्या कोटांकडे पाहिलं. वरचा खिसा घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला होता. तिघांचाही. बटणंही बायकांच्या कपड्यांसारखी. नवऱ्याचे शर्ट रोज सकाळी इस्त्री करणाऱ्या बाईला हे दिसायला खरं तर इतका वेळ लागायला नको होता.

"रहीमभाई, थांबा. फोटो उलटा लागलाय."

"उलटा कैसे? सब के पाँव तो नीचे हैं!"

"आरशातल्यासारखा. डावीकडचं उजवीकडे."

त्या काळी फोटोची फिल्म वेगळी यायची आणि मजकुराच्या फिल्ममध्ये हाताने बसवायची. फिल्म पारदर्शक असते. पालथी बसली तर मजकूर सरळ राहतो आणि फोटो तेवढा उलटतो. स्कॅनिंगवाल्याकडून आली तेव्हाच ती तशी होती की आमच्याकडे पालटली, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

नुसता फोटो उलटला असता तर एक वेळ चाललं असतं. पण खाली ओळ होती, 'उभे, डावीकडून', आणि पुढे नावं. म्हणजे प्रत्येक नाव दुसऱ्याच माणसाखाली गेलं होतं.

मी कागद घेऊन मॅनेजरकडे गेले. अबू खलील मूळचे सीरियाचे. आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलायचे, रागावले की अरबीत. त्यांनी फाइल उघडली, छपाईआधी क्लायंटला दाखवलेलं प्रूफ काढलं आणि कोपऱ्यातल्या सहीवर बोट ठेवलं.

"क्लायंट का साइन है. खलास."

"सही आहे, पण फोटो चुकीचा आहे."

"मॅडम, ये आदमी इधर खड़ा, ये उधर खड़ा. गोल हुआ ना? मॅच खलास, आदमी भी खलास. कौन देखेगा?"

"ज्याने पुस्तक लिहिलंय तो पहिल्याच दिवशी पाहील."

"देखने दो. हमारे पास साइन है." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम फोन करेगा, वो बोलेगा प्रेस का गलती. माल नहीं लेगा. फिर मुदीर को जवाब तुम देगा?"

मुदीर म्हणजे मोठे साहेब, प्रेसचे मालक. त्यांना जवाब द्यायची माझी अजिबात इच्छा नव्हती. नवऱ्याची नोकरी तेव्हा नुकतीच सुटली होती आणि घर माझ्या व्हिसावर चाललं होतं. मी टेबलावर येऊन बसले. समोर दिवसाची यादी होती. तिच्यात सगळ्यात वर 'हार्टलींना फोन' असं लिहिलं आणि लगेच नंबर फिरवला. थांबले असते तर केला नसता.

हार्टली तासाभरात आले. डोक्यावर साइटची टोपी तशीच. बरोबर मूळ फोटो आणला होता, पुठ्ठ्यात जपून ठेवलेला. त्यांनी तो छापील कागदाशेजारी ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. अबू खलील दारात हाताची घडी घालून उभे होते.

"हा आर्थर," हार्टली म्हणाले आणि मूळ फोटोतल्या उजव्या टोकाच्या, मिशीही न फुटलेल्या पोरावर त्यांनी बोट ठेवलं. मग आमच्या कागदावर उजव्या टोकाला बोट नेलं. तिथे एक जाडजूड मिशीवाला उभा होता. "आणि हा आता आर्थर झालाय."

"कोण होता आर्थर?" मी विचारलं.

आर्थर एका मोसमापुरता खेळला आणि युद्धात मारला गेला. असोसिएशनच्या जुन्या पुस्तिकेत त्याच्या जागी 'नाव माहीत नाही' असं छापलं होतं. त्याची बहीण मिस डोरोथी अजून होती. तिने वर्षानुवर्षं असोसिएशनला पत्रं लिहिली होती. कुणी दाद दिली नाही. हा फोटो तिचाच. दुसरी प्रत कुठेच नव्हती. शनिवारी पहिलं पुस्तक तिच्या हातात द्यायचं ठरलं होतं.

"मी तिला शब्द दिलाय," हार्टली म्हणाले.

अबू खलील पुढे आले. "मिस्टर, एक आयडिया. नीचे लिखा है लेफ्ट से. हम स्टिकर लगाएगा, राइट से. नाम सब ठीक! हम अरब लोग पूरा जिंदगी राइट से पढ़ता है, कुछ नहीं होता."

मी ते इंग्रजीत सांगितलं. हार्टलींना पहिल्यांदाच हसू आलं. "युक्ती वाईट नाही. पण हा फोटो इतकी वर्षं तिच्या घरात भिंतीवर होता. तिला तो उलटा दिसेल. आणि भावाच्या पानावर स्टिकर?"

मी बोटांवर पर्याय मोजले. पूर्ण फॉर्म पुन्हा छापायचा, तर तो कागद युरोपातून यायचा. सप्लायरला फोन केला. "नेक्स्ट वीक, इन्शाल्ला." तो रस्ता बंद. पुस्तक जसंच्या तसं पाठवायचं, तर डोरोथीबाईंना पुन्हा पत्र लिहायला बसवायचं. तिसरं मला सुचलं ते हे: सोळा पानांपुरता कागद नसला तरी एका पानापुरता होता. खराब होतील म्हणून काही जास्तीचे कागद बाजूला ठेवतात, ते शिल्लक होते. त्यांचे तुकडे करून तेवढंच पान छोट्या मशीनवर छापायचं. घडी घातलेल्या फॉर्ममधून चुकीचं पान कापायचं, बोटभर पट्टी मागे ठेवायची आणि तिला नवं पान चिकटवायचं. मग शिलाई.

"हाथ से?" रहीमभाईंनी विचारलं. "सब कॉपी?"

"सगळ्या."

"बँक की डायरी कौन करेगा?" अबू खलील कडाडले. "वो भी गुरुवार को है! ये हमारा गलती नहीं, हम क्यों करेगा?"

हार्टलींना हिंदी येत नव्हती, पण सूर कळला असावा. ते उठले आणि टोपी काढली.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "मी प्रूफ पाहिलं, नावांची स्पेलिंग तपासली आणि फोटो पाहिलाच नाही. चूक माझी. हवं तर लिहून देतो. मी तक्रार करत नाहीये, विनंती करतोय."

मी शब्दशः भाषांतर केलं. चूक अंगावर येणार नाही म्हटल्यावर अबू खलीलांचा ताठा गेला आणि मूळचा प्रेसवाला बाहेर आला.

"चाय पिलाओ इसको," ते मला म्हणाले आणि बाही वर सारत रहीमभाईंकडे वळले. "डायरी आधा आदमी, ये आधा आदमी. यल्ला, चलो!"

नवी फिल्म आली. हार्टलींनी ती मूळ फोटोशी ताडून पाहिली, मी पाहिली, मग अबू खलीलनी कोटांचे खिसे पाहिले आणि मान हलवली. बुधवारी पान छापून झालं. पण चकचकीत आर्ट पेपरवर गोंद लागला की कागद वाकतो. पहिली चळत केळीच्या पानासारखी वळली. रहीमभाई ती धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"देखो मॅडम. इस को सिलूँ कैसे?"

आमच्याकडे वेळ नव्हता आणि जास्तीची पानंही फार नव्हती. शेवटी गोंद घट्ट केला, बारीक ब्रशने फक्त पट्टीच्या कडेला लावला आणि चळतींवर वजन म्हणून डायऱ्यांचे गठ्ठे ठेवले. अबू खलील स्वतः पानं चिकटवायला बसले. हात आमच्या सगळ्यांपेक्षा चपळ होता. "मैं बाइंडर था, दमास्कस में," ते वर न बघता म्हणाले. गठ्ठे उचलले तेव्हा पानं सपाट होती.

गुरुवारी सकाळी डिनरच्या प्रती शिवून, कापून खोक्यात भरल्या. पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी मी बसले, कारण कागदपत्रं दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नव्हती. शारजा-दुबई रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. कार्गोच्या काउंटरवरचा मल्याळी क्लार्क शटर ओढायच्या बेतात होता. त्याने खोकी पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाला, "चेची," म्हणजे ताई, "गोंद लगा है, आप के बाल में." आणि शिक्का मारला.

हार्टली दोन आठवड्यांनी परत आले, ते थेट प्रेसवर, सगळं सांगायला. मिस डोरोथींनी डिनरला भाषणं चालू असतानाच पान उघडलं, चष्मा लावून नावं एकेक करून वाचली, भावापाशी थांबल्या. डोळे पुसले का, असं मी विचारलं. छे, म्हणाले. बाईंनी आणखी एक प्रत मागितली. शेजारच्या म्हाताऱ्यासाठी. आर्थर कधी टीममध्ये नव्हताच असं तो बरीच वर्षं सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात जाऊन त्यांनी ती दिली आणि तो ते पान वाचेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

नंतर मी त्या प्रेसमध्ये आणखी बरीच वर्षं होते. चुका होत राहिल्या. त्या सांगायची वेळ मात्र मी ठरवून टाकली. वाईट बातमी क्लायंटला सकाळी सांगावी. दुपारपर्यंत त्याचं ओरडून होतं, आणि कामाला तरीही अर्धा दिवस उरतो.