हानबाईंचं सिखे आणि आमचे भाऊ

त्या दुपारी वहिनींचा फोन आला. "भाऊ गेले रे..." एवढंच म्हणाल्या. इथे आखातात, सालमियातल्या त्यांच्या फ्लॅटवर मी पोचलो तेव्हा अँब्युलन्स निघून गेली होती आणि दाराशी चपलांचा ढीग पडला होता. विनायक सावंत, आम्हा सगळ्यांचे भाऊ. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत पंपांच्या दुरुस्तीचे फोरमन, रत्नागिरीकडचा बुलंद आवाजाचा माणूस. गेल्या काही आठवड्यांत त्यांच्या मदतीच्या, जेवणावळींच्या गोष्टी सगळ्यांनी सांगितल्या. मला मात्र राहून राहून वेगळंच आठवतं.

भाऊंच्या वरच्या मजल्यावर हान नावाचं कोरियन जोडपं राहतं. नवरा रिफायनरीतच इंजिनिअर. काही वर्षांपूर्वी भाऊंच्या घरच्या गणपतीला हानबाई काचेची मोठी बरणी घेऊन आल्या. आत गढूळसर पांढरं पाणी, वर तरंगणारी भाताची शितं. "सिखे," त्या म्हणाल्या, "राइस... स्वीट." पाहुण्यांपैकी कोणीतरी वास घेतला. "भाऊ, आंबवलंय हे. दारू आहे, दारू!" इथे घरात दारू सापडली तर नोकरी, राहण्याचा परवाना म्हणजे इकामा, सगळंच जातं, त्यात समोर देव बसलेला. भाऊंनी बरणी उचलली, आत नेली आणि सिंकमध्ये उपडी केली. मागोमाग हानबाई ग्लास मागायला आल्या होत्या. दारातच थांबल्या... मग पुढे होऊन त्यांनी रिकामी बरणी स्वतः विसळली, गणपतीला वाकून नमस्कार केला आणि निघून गेल्या.

खरं काय ते आम्हा दोघांना कामावर हानसाहेबांकडून कळलं. मोड आणलेल्या सातूच्या पाण्यात भात घालून तासन्‌तास कोमट ठेवायचा, तो आपोआप गोड होतो. मग साखर घालून उकळायचं, गार करायचं. सणासुदीला करतात, पितरांपुढेही ठेवतात. दारूचा थेंब नाही. परतताना बसमध्ये भाऊ खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "त्या बाईनं माझ्या देवासाठी केलं होतं रे..."

त्यानंतर कितीतरी दिवस गाठ पडू नये म्हणून ते लिफ्ट टाळून जिन्यानं चढायचे. शेवटी वहिनीच वैतागल्या. "अहो, एवढं मनाला लागलंय तर जाऊन दार वाजवा की!" भाऊ मला सोबत घेऊन गेले. 'सॉरी' म्हणून दारातच उभे राहिले. हानबाईंनी बसवलं, थंडगार तपकिरी सुजंगग्वा आणलं. आलं-दालचिनीचं गोड पाणी; त्यांच्याकडे त्यात सुकवलेलं पर्सिमनचं फळ घालतात, इथे त्यांनी वफ्राच्या मळ्यांतला खजूर घातला होता. भाऊंचा हात पुढे होईना. तेव्हा त्या हळूच, चक्क मराठीत म्हणाल्या, "दारू नाही."

त्या दिवशी कानावर पडलेला तेवढा एक शब्द त्यांनी कोणाकडून तरी समजून घेतला होता. टोमणा नव्हता तो. त्या खरंच खात्री देत होत्या. भाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घोट घेताना त्यांना ठसका लागला...

पुढच्या वर्षीपासून सिखे नैवेद्याला येऊ लागलं. भाऊ स्वतः वर जाऊन आमंत्रण द्यायचे, पण हानबाईंशी बोलताना त्यांचा तो आवाज कुठे जायचा कोण जाणे. एकदा आपल्या हातचं सिखे त्यांना बरणी भरून द्यायचं, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. सुट्टीच्या दिवशी राइस कुकर लावून बसायचे. धीर मुळीच नाही. सारखं झाकण उघडून बघायचे आणि सगळं आंबून जायचं. वहिनी ते ओतून द्यायला निघाल्या की हात धरायचे, आणि तोंड वाकडं करत स्वतःच पिऊन टाकायचे.

परवा गेलो तर स्वयंपाकघरात हानबाई होत्या. भाऊंनी आणून ठेवलेलं मोडाच्या सातूचं पीठ कपाटात सापडलं, म्हणून वहिनींनी त्यांना सिखे शिकवायला बोलावलं होतं. कुकर कोमट झाला होता. भाऊंच्या त्या फसलेल्या खटपटी वहिनींनी मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत पहिल्यांदाच त्यांना सांगितल्या. हानबाईंनी हातातला डाव खाली ठेवला.

"ही नो आस्क मी," त्या म्हणाल्या. "व्हाय?"

वहिनींना इंग्रजी शब्द आठवेना. "लाज..." म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघू लागल्या. शब्द मला ठाऊक होता. मी खाली ठेवलेला डाव उचलून हानबाईंच्या हातात दिला.