आठव्या ठोक्याला

आधीच सांगून टाकतो, मला ते रॉक-बिक काही कळत नाही. पण प्रफुल्लबद्दल कुणी बोलायचं तर मीच बोललं पाहिजे, कारण ते पेडल मी बसवलं. मी जमील, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये सेटर. तीस वर्षं मशीनला डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बांधतोय आणि माझी दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत. आमच्या धंद्यात ही साधी गोष्ट नाही. माझ्या उस्तादांची सात होती.

प्रफुल्ल मूळचा विंचूरचा. वडील कांदा मार्केटात हमाल. हा शाळा सुटली की लग्नाच्या बँडमागे पळायचा आणि सनईवाल्याच्या शिव्या खाऊन का होईना, ड्रम वाजवायचा. आयटीआय करून आमच्याकडे आला तेव्हा बावीसचा होता. सुकडा, नम्र, आणि एका जागी पाय ठेवील तर शपथ. जेवताना पाय चालू, बसमध्ये चालू, साहेब झापत असले तरी खाली उजवा पाय आपला ठेका धरून. शेजारच्या प्रेसवर मालनबाई असायची, कळवणकडची. नवरा वारल्यावर मुलीला घेऊन पाथर्डी फाट्याला राहायला आलेली. तुझ्या पायाला मुंगळे लागलेत का रे, असं ती त्याला रोज विचारायची आणि रोज डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवायची. तिची सायली कॉलेजात शिकत होती. आपली पोरगी मशीनवर बसणार नाही, एवढं एकच मालनबाई ठासून बोलायची.

माझा भाचा फरहान गिटार वाजवतो आणि ओरडतो. ओरडण्याला तो गाणं म्हणतो, म्हणू दे. त्याला ड्रम वाजवणारा हवा होता, मी प्रफुल्लला नेऊन उभा केला. चौघांचा बँड झाला, नाव ठेवलं ‘गंज’. चार वर्षं यांनी हॉटेलांच्या उद्घाटनात वाजवलं आणि समोरच्यांनी यांच्याकडे पाठ करून पनीर खाल्लं. मग यांनी ते गाणं काढलं, ‘कसारा उतार’. घाटात ट्रकचा ब्रेक जातो, ते गाणं. असं सुसाट की ऐकताना मीसुद्धा खुर्चीचा हात धरला.

ते गाणं चाललं. भलतंच चाललं. नाशिकमधली निम्मी पोरं त्यावर गाड्या पळवून व्हिडिओ टाकायला लागली. आणि गंगापूर रोडच्या एका कॉलेजने महोत्सवात बोलावलं, शनिवारी संध्याकाळी, पाच हजार पब्लिक. तेव्हा कुठे या शहाण्यांच्या डोक्यात उजेड पडला. गाणं फरहानच्या खोलीत रेकॉर्ड झालेलं. शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून त्यातले ड्रम कॉम्प्युटरवर भरलेले, आणि वेग वाढवता येतो म्हणून वाढवत नेलेला. जिवंत माणसाच्या हातापायांनी ते गाणं एकदाही वाजलं नव्हतं.

सरावात प्रफुल्लचे हात पोचायचे, पाय नाही पोचायचा. मोठ्या ढोलावर उजव्या पायाने ठोके द्यायचे असतात, ते एवढे भराभर की मिनिटभरात त्याची नडगी दगड व्हायची आणि गाणं फसकन बसायचं. फरहान बोलायला तिखट. पुण्याहून दुसरा ड्रमर आणतो, म्हणाला, तू बाकीच्या गाण्यांना बस. प्रफुल्ल त्या दिवशी जेवला नाही. या पोराकडे त्या बँडखेरीज आपलं म्हणावं असं काही नव्हतं, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी आला आणि त्याने ते मागितलं. आमच्या प्रेसला पुढे दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे ठोका पडताना हात डायमध्ये असूच शकत नाही. त्याला बटणं नको होती, जुन्यासारखं पायाचं पेडल हवं होतं. आठ तास पायाला सवय होईल, म्हणाला. मी त्याला झाडला. माझ्या उस्तादांची तीन बोटं पेडलनेच नेली होती, ते सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला.

“तीन आठवडे, चाचा,” तो म्हणाला. “नंतर तुम्हीच काढून टाका.”

मी नाही म्हणायला हवं होतं. फरहानची आई माझी धाकटी बहीण, तिच्या पोराचं भलं व्हावं हेही मनात होतं, खोटं कशाला बोलू. स्टोअरमधून एक जुनं पेडल काढलं, तेल दिलं आणि बसवलं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

त्याने एक पद्धत काढली. गाण्याचा ठेका तोंडाने धरायचा, सात ठोके पायाने नुसते जमिनीवर द्यायचे आणि आठवा पेडलवर. आठव्या ठोक्याला प्रेस खाली. मधल्या सातात तयार नग, आम्ही जॉब म्हणतो, तो काढायचा, नवा पत्रा ठेवायचा, हात बाहेर. तासन्‌तास. मी मागे उभा राहायचो आणि माझा जीव टांगणीला लागायचा. आज जाणार, आज याचा हात जाणार, असं रोज वाटायचं. घरी जाताना त्याची बोटं मोजून मगच मी गाडीला किक मारायचो. पण पाय सुधारत होता. पहिल्या आठवड्यात तो दीड मिनिट टिकला, दुसऱ्यात दोन. फरहानने पुण्याचा विषय काढणं बंद केलं.

मी ज्याच्यावर नजर ठेवून होतो त्याला काही झालं नाही. घोळ दुसरीकडे होत होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभा होतो.

दिवसाला सात हजार नगांचं आमचं टार्गेट. प्रफुल्लच्या मशीनवरून साडेनऊ हजार निघायला लागले. सुपरवायझर राज सर, नवीन, तिशीतले. मला वाटलं, पेडल बघून आता बोंब मारणार. त्यांनी आकडा बघितला, पेडल बघितलं, आणि मला केबिनमध्ये बोलावून सोमवारपर्यंत सहाही प्रेसना तसंच करायला सांगितलं. टार्गेट साडेआठ हजार. “सर, हे बरं नाही,” मी म्हणालो, पण असं म्हणालो की मलाच ऐकू आलं नाही. आणि सहाही पेडलं मी याच हातांनी बसवली.

मालनबाईला जमेना. रोज हजारभर कमी पडायचे, रोज बोर्डावर तिच्या नावापुढे लाल खूण. चिमट्याने जॉब काढायची सवय तिने सोडली, कारण चिमटा वेळ खातो. मग एक दिवस तिने प्रफुल्लला सांगितलं की तुझी विद्या मलाही शिकव. तो खूश झाला. त्याला कुणी गुरू म्हणून विचारलंच नव्हतं कधी. चहाच्या सुट्टीत दोघं समोरासमोर बसून पाय आपटायची, हा मोजायचा, ती हसायची. लय नाचवतोस रे म्हातारीला, म्हणायची. चार दिवसांत जमलं तिला. पाचव्या दिवशी तिने टार्गेट गाठलं तेव्हा प्रफुल्लने टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा वाजवल्या.

कार्यक्रमाच्या आधीचा बुधवार. साडेतीन वाजले असतील. मालनबाईच्या डायमध्ये जॉब अडकला. अडकतो, दिवसातून दोनदा अडकतो. बटणं असताना माणूस थांबतो, हात घालतो, काढतो. तिने हात घातला. पण पाय मोजत होता. पाय डोळ्यांना विचारत नाही, त्याला आठवा आला की खाली जायचं एवढंच शिकवलेलं. प्रेस खाली आली.

तिने आवाजसुद्धा केला नाही. प्रफुल्लच आधी ओरडला. तिचा हात आपल्या शर्टात गुंडाळून त्याने तिला राज सरांच्या गाडीत घातलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची. दवाखान्यात राज सरांनी एक कागद पुढे केला, कामगाराच्या दुर्लक्षामुळे अपघात, असं काहीतरी. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. मी केली. का केली, विचारू नका. तीन वर्षं नोकरी राहिलीये, एवढंच उत्तर आहे आणि ते मला आवडत नाही.

प्रफुल्ल म्हणाला, मी वाजवणार नाही. फरहान त्याच्या पाया पडला. शेवटी मालनबाईनेच निरोप पाठवला, पोरा, माझ्यापायी तुझं नको अडू दे. तेव्हा तो तयार झाला.

शनिवारी मी गंगापूर रोडला गेलो. कशाला गेलो ते सांगतो. गाणं फसावं म्हणून गेलो. सख्ख्या भाच्याचं वाईट चिंतून मी त्या गर्दीत उभा होतो. त्याचा पाय अडखळावा, गाणं मध्येच बसावं, पोरांनी हुर्यो करावी, मग मला वाटलं असतं की निदान त्या पायाला तरी काही कळतं. प्रफुल्लने काड्या चारदा वाजवल्या आणि गाणं सुटलं. तीन मिनिटं, एकही ठोका मागे नाही, पुढे नाही. कॉम्प्युटरपेक्षा भारी, असं माझ्या शेजारचा पोरगा ओरडला. पाच हजार पोरं उड्या मारत होती, मैदानातली धूळ तोंडात जात होती. मी फक्त तो पाय बघत होतो आणि मनात मोजत होतो. आठव्याला दर वेळी माझा हात आपोआप छातीशी यायचा.

नंतर स्टेजमागे सगळे मिठ्या मारत होते. प्रफुल्ल एका खोक्यावर बसला होता, अंग घामाने निथळत होतं.

“चाचा,” तो म्हणाला, “आज पाय दुखलाच नाही.”

त्याचा चेहरा आनंदाचा नव्हता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून आलो.

सोमवारी सकाळी शॉपमध्ये शिरलो तर मालनबाईच्या प्रेसवर कुणीतरी बसलेलं. पाठमोरी, दोन वेण्या, नवा निळा कोट खांद्यातून उतरत होता. राज सर लगबगीने आले. कंपनीने माणुसकी दाखवली, म्हणाले, आईच्या जागी मुलीला घेतलं, आजच हजर झाली. सायली मागे वळली, मला ओळखून हसली. आईची तब्येत बरी आहे म्हणाली. मग पुन्हा मशीनकडे वळली आणि तिचा पाय हलायला लागला. जमिनीवर, हलकेच, भराभर. सात. मग प्रेस खाली आली.

पलीकडे प्रफुल्लचं मशीन थांबलं होतं. तो तिच्या पायाकडे बघत होता. तुला हे कुणी शिकवलं, मी विचारलं.

“आईने,” ती म्हणाली. “दवाखान्यातच. सात जमिनीवर, आठवा पेडलवर. पहिल्याच दिवशी टार्गेट गाठ म्हणाली, नाहीतर ठेवणार नाहीत.”

मी मेन स्विच खाली ओढला. सहाही मशिनं बंद पडली. राज सर ओरडत येईपर्यंत मी पाना घेऊन तिच्या पायाशी बसलो होतो आणि पहिला नट सोडवत होतो. पाना दोनदा निसटला. प्रफुल्ल येऊन शेजारी बसला, त्याने पेडल धरून ठेवलं. सायलीने घाबरून दोन्ही पाय वर घेतले होते.

“चाचा,” ती विचारत होती, “माझं काही चुकलं का?”